गौतमीची कॉशन ऑर्डर

उत्तम तायडे यांनी चौतीस वर्षं मालगाडी चालवली आणि चौतीस वर्षांत एकही लाल सिग्नल ओलांडला नाही. जयपूरच्या रेल्वे कॉलनीत हे वाक्य ज्याला पाठ नाही असा माणूस शोधून दाखवा! उत्तमराव स्वतःच ते सांगायचे, आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगायचे. मूळचे अकोल्याकडचे. नोकरी लागली ती राजस्थानात फुलेऱ्याला, मग बदली जयपूरला, आणि निवृत्त झाल्यावर विद्याधर नगरात छोटंसं घर बांधून इथलेच होऊन गेले. बोली तेवढी वऱ्हाडी राहिली. भाजीवाल्याशी हिंदीत भाव करताना मधूनच ‘का’च्या जागी ‘काऊन’ निसटायचं आणि तो बिचारा बघत राहायचा.

त्यांची एकुलती एक मुलगी गौतमी सायकल चालवायची. दूध आणायला नव्हे, रेल्वेच्या संघातून, देशपातळीवर. घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत, जिथं एकेकीला वेगळं सोडतात आणि नुसती वेळ मोजतात, तिथं ती तीनदा देशात पहिली आली होती. पण एकदिवसीय शर्यत निराळी. सकाळी साठ-सत्तर जणी एकदम सुटतात, शंभर-सव्वाशे किलोमीटर एकमेकींच्या चाकाला चाक लावून जातात, आणि जी आधी पोचेल ती जिंकते. ती शर्यत गौतमीला कधीच मिळाली नाही. चौथी, तिसरी, दुसरी, परत चौथी. शेवटच्या दहा किलोमीटरपर्यंत पुढं, आणि मग कुणीतरी झटक्यात निघून जायची आणि आमची बाई बघत राहायची.

आणि आता नेमकी तीच शर्यत आली होती. आशियाई रोड रेसला देशातून एकच मुलगी जाणार होती आणि ती ठरणार होती जयपूरजवळच्या बगरूला संपणाऱ्या एकशेबारा किलोमीटरच्या शर्यतीत. पहिली येईल ती जाणार. दुसरीच्या हातात फुलं देऊन तिला घरी पाठवणार. गौतमीला अठ्ठावीस पुरी झाली होती. पुढच्या वर्षी संघात नव्या मुली येणार आणि हिला तिकीट तपासायच्या ड्युटीवर पाठवणार, हे तिला ठाऊक होतं, उत्तमरावांना ठाऊक होतं, साऱ्या डिव्हिजनला ठाऊक होतं.

गौतमीला सायकलवर बसवलं उत्तमरावांनीच, नऊ वर्षांची असताना. आणि शिकवलं कसं? तर जसं स्वतःला येत होतं तसं. इंजिनात दोघं असतात, चालक आणि त्याचा सहायक. सिग्नल दिसला की एकानं हात वर करून मोठ्यानं रंग सांगायचा, दुसऱ्यानंही हात वर करून तोच रंग परत म्हणायचा. ‘ग्रीन!’ ‘ग्रीन!’ ‘येलो!’ ‘येलो!’ दिवसातून शेकडो वेळा. दुसऱ्याकडून उत्तर आलं नाही, तर समजायचं की त्याला डुलकी लागली आहे किंवा काहीतरी विपरीत झालं आहे. उत्तमरावांनी हीच रीत पोरीला लावली. ती पुढं सायकलवर, हे मागं स्कूटरवर. रस्ता मोकळा, ‘ग्रीन!’ गाय आडवी, खड्डा, वाळू, ‘येलो!’ पोरगी एक हात वर करून उत्तर द्यायची आणि ब्रेक लावायची. कॉलनीतल्या बायका गॅलरीत उभ्या राहून हसायच्या. प्रभाताई, म्हणजे गौतमीची आई, कपाळावर हात मारून घ्यायची. “पोरगी हाय ती, डब्बा नाही मालगाडीचा!” असं ती म्हणायची. पण उत्तमराव ऐकतील तर शपथ.

बरं, एवढ्यावर थांबले असते तर उत्तमराव कसले! इंजिनावर चढायच्या आधी चालकाला एक कागद मिळतो, त्याला कॉशन ऑर्डर म्हणतात. कुठल्या किलोमीटरला रूळ कच्चा आहे, कुठं किती वेगानं जायचं, सगळं त्यावर लिहिलेलं असतं, आणि तो वाचला म्हणून चालकानं सही करून द्यायची असते. उत्तमराव प्रत्येक शर्यतीआधी दोन दिवस स्कूटरवरून सगळा रस्ता पालथा घालायचे आणि गौतमीसाठी तसलाच कागद तयार करायचे. ‘किमी ३२, गतिरोधक, रंग उडालेला. किमी ४७, डावीकडून वाळू. किमी ६०, शाळा, पोरं आडवी येतात.’ अक्षर मोत्यासारखं. गौतमी तो सायकलच्या दांड्यावर चिकटवायची आणि दुसऱ्या प्रतीवर सही करायची. शर्यतीच्या दिवशी उत्तमराव आडवाटांनी स्कूटर पिटाळत चार-पाच ठिकाणी पुढं जाऊन उभे राहायचे, कायम रस्त्याच्या डाव्या बाजूला. इंजिनात चालक डावीकडे बसतो, सिग्नलही बहुतेक डावीकडेच असतो, त्यामुळं उजवीकडे उभं राहणं त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

त्यांच्याकडे एक वही होती. एका पानावर ‘जोर’, समोरच्या पानावर ‘खोट’. जोराच्या पानावर पुष्कळ होतं. ‘वारा एकटी खाते. ऊन लागत नाही. नाहरगडचा चढ न उठता चढते. खाण्यापिण्याची वेळ चुकवत नाही.’ खोटेच्या पानावर पुन्हा पुन्हा एकच ओळ होती, नुसती शर्यतीची तारीख बदलत जायची. ‘शेवटी दम संपतो. झटका नाही.’

प्रभाताईला जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात बापलेक दोघंच.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात संघाच्या सल्लागार अमिता सबनीस यांनी उत्तमरावांना बोलावून घेतलं. बाई पुण्याच्या, इथल्या विद्यापीठात खेळाडूंच्या शरीराचा अभ्यास शिकवायच्या. बोलणं स्वच्छ, तोडून, साखर न घालता. उत्तमराव वही काखेत मारून गेले. त्यांना वाटलं, मॅडमना माहिती हवी असेल. घ्या म्हणावं, एकोणीस वर्षांची आहे.

मॅडमनी वही शांतपणे चाळली आणि खोटेच्या पानावर बोट ठेवलं.

“तायडेसाहेब, हे चूक आहे.”

“कोणतं?”

“दम संपतो, हे. मी तिला मशीनवर तीन तास सायकल चालवायला लावली आणि मग झटका मारायला सांगितला. संघातल्या एकाही मुलीला तेवढा जमला नाही. दम आहे, झटका आहे. मग शर्यतीत कुठं जातो तो?”

उत्तमरावांना राग आला. मशीनवर काय, मशीनवर मीपण राजधानी चालवीन! मॅडमनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. गौतमी हरलेल्या सात शर्यतींचे शेवटचे तुकडे होते. बिकानेरची सरोज गोदारा, पतियाळाची एक उंच मुलगी, गौतमी, अशा तिघीचौघी पुढं. मॅडम एकेक तुकडा थांबवून दाखवत होत्या.

“इथं बघा. मान वळवली. आता इथं. परत. सातही शर्यतींत, शेवटच्या आठ-दहा किलोमीटरमध्ये ती बाजूला बघते, पाय क्षणभर हलके करते, आणि त्याच क्षणी सरोज निघून जाते. सरोजला आता हे पाठ झालंय, ती वाटच बघत असते. मला कळत नाही ते एवढंच, की ही बघते काय? मागं बघत नाही, प्रतिस्पर्ध्यांकडे बघत नाही. दर वेळी डावीकडे. रस्त्याच्या डाव्या कडेला.”

उत्तमरावांना कळलं. मॅडमचं वाक्य संपायच्या आत कळलं. शर्यतीचा शेवट जवळ आला की पोलीस रस्ते बंद करतात, कठडे लावतात, स्कूटर पुढं जाऊ देत नाहीत. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये उत्तमराव कधीच पोचू शकले नव्हते. आणि घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत? तिथं तिच्या मागून चालणाऱ्या गाडीत ते स्वतः असायचे, खिडकीतून अर्धे बाहेर, ‘ग्रीन, ग्रीन’ ओरडत. तिथं ती जिंकायची.

“ती मला पाहते,” ते म्हणाले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. हाका, हात वर करणं, कॉशन ऑर्डर, सही. ऐकताना त्या एकदाही हसल्या नाहीत, आणि उत्तमरावांना ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

“एक विनंती करते. कदाचित तुम्हाला राग येईल. या शर्यतीला तुम्ही येऊ नका. कागदही लिहू नका. आणि येणार नाही हे तिला आधी स्वतः सांगा, म्हणजे ती वाट बघणार नाही.”

राग? अहो, राग कसला, उत्तमरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. “मॅडम, चौतीस वर्षांत मी एक सिग्नल नाही तोडला! अन तुम्ही मले म्हणता मीच पोरीले आडवा आलो?” एवढं बोलून ते ताडकन उठले, चहा तसाच राहिला, वही उचलली आणि बाहेर पडले. राजा पार्कातल्या गर्दीतून स्कूटर काढताना दोन रिक्षावाल्यांशी भांडले. घरी आले आणि पायऱ्यांवर बसून राहिले. मॅडमवर चिडून चिडून किती चिडणार माणूस? त्या सात तुकड्यांतली ती मान काही डोळ्यांपुढून हलेना.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी गौतमी जेवायला बसली. उत्तमरावांनी वांग्याची भाजी केली होती, भाकरी केली होती. तिच्या ताटात वाढता वाढता ते म्हणाले, “उद्या मी येत नाही. गुडघा लय दुखून राह्यला.”

गौतमीनं मान वर केली. “कॉशन ऑर्डर?”

“नाही लिवली.”

ती ‘बरं’ म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला. एवढंच. उत्तमरावांना वाटलं होतं ती विचारेल, हट्ट करेल, निदान गुडघ्याला तेल लावू का म्हणेल. काही नाही. ताट धुतलं आणि सायकलची साखळी पुसायला बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच संघाच्या गाडीनं गेली. सात वाजता शर्यत सुटली असेल. साडेसातपर्यंत उत्तमरावांनी पेपर वाचला, म्हणजे हातात धरला. पावणेआठला अंगण झाडलं. आठला दुसऱ्यांदा झाडलं. मग सुखदेव आला. सुखदेव मीणा फुलेऱ्याचा, अकरा वर्षं उत्तमरावांचा सहायक, आता स्वतः चालक. सुट्टी होती म्हणून गौतमीच्या शर्यतीची चौकशी करायला आला, आणि उस्ताद दारात झाडू घेऊन उभे!

“उस्ताद, आप यहाँ? बिटिया की रेस नहीं है आज?”

उत्तमरावांनी त्याला सगळं सांगितलं. सुखदेवनं ऐकलं, मोटारसायकलची किल्ली बोटावर फिरवली आणि म्हणाला, बघायला जायला कुणी मनाई केली आहे? तिला दिसू नका म्हणजे झालं. आवाज देऊ नका म्हणजे झालं.

आता हा मोह कुणाला सुटेल सांगा. उत्तमरावांनी चपला घातल्या.

मधे कुठं थांबायचं नव्हतं, त्यामुळं रस्ते बंद व्हायच्या आत, साडेनऊला ते बगरूत पोचले. शेवटच्या वळणापाशी सुखदेवनं मोटारसायकल एका घराच्या आडोशाला लावली. वळणापासून शर्यतीची शेवटची रेषा सहाशे मीटरवर होती. बगरू कापडछपाईचं गाव, मागच्या मैदानात छापलेलं कापड वाळत पसरलं होतं, निळं, तांबडं, काळं. उत्तमराव रस्त्याच्या उजव्या बाजूला एका टेम्पोमागं उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा उजवीकडे. अगदीच चुकल्यासारखं वाटत होतं त्यांना. गळ्यातल्या गमछानं तोंड अर्धं झाकून घेतलं होतं, म्हणजे पोरीला दिसलो तरी ओळखू येणार नाही.

लाउडस्पीकरवर एक माणूस घसा फोडून हिंदीत बोलत होता. सत्तर किलोमीटरला मोठा घोळका होता. नव्वदला नऊ जणी. शंभराला तीन. सरोज गोदारा, पतियाळाची मुलगी आणि रेल्वेची गौतमी तायडे. उत्तमरावांचे गुडघे खरोखरच दुखायला लागले. एकशेदोन. हेच ते दहा किलोमीटर. आता बघेल ती डावीकडे. ‘बघू नको, माय, बघू नको,’ ते गमछाच्या आत पुटपुटत होते. एकशेचार. तीनच. एकशेसहा. अजून तीनच! कुणी सुटलं नव्हतं. गौतमीनं पाय हलके केले नव्हते.

आणि तेवढ्यात एक हातगाडी आडवी गेली. छपाईवाल्याची, ओल्या कापडाचे गठ्ठे भरलेली. शिपाई ओरडला, गाडीवाल्यानं घाईघाईनं ती पलीकडे ढकलली, आणि तिच्यातून निथळलेलं पाणी बरोबर वळणाच्या आतल्या बाजूला पसरलं. रंगाचं, चिखलाचं, गुळगुळीत पाणी. डांबर चमकायला लागलं.

उत्तमरावांनी सुखदेवकडे बघितलं. सुखदेवनंही ते पाणी पाहिलं होतं. शिपायाला सांगावं म्हणून उत्तमराव दोन पावलं पुढं झाले, तर शिट्टी वाजली, शर्यतीपुढं धावणारी मोटारसायकल गेली, आणि मागं तिघी दिसल्या. सरोज पुढं, तिच्या चाकाला गौतमी, मग ती उंच मुलगी. ताशी चाळीसच्या वर वेग. पातळ पातळ चाकं, बोटभर रुंदीची. उत्तमरावांनी गमछा तोंडात कोंबला. खरंच कोंबला, दातांत धरला. आवाज द्यायचा नाही. ठरलंय. आवाज द्यायचा नाही.

पण चौतीस वर्षं, आणि वर एकोणीस. धोका दिसला आणि माणूस गप्प बसला, हे त्या देहाला कधी ठाऊकच नव्हतं. गमछा खाली पडला, हात आपोआप वर गेला आणि उत्तमराव सगळ्या बगरूला ऐकू जाईल असे ओरडले.

“येलो! गौतमी, येलो!”

बाजूला सुखदेवचाही हात वर गेला. “येलो!” तो ओरडला. सवयीनं. उत्तर देणारा माणूस होता तो.

गौतमीनं ऐकलं. उत्तमरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तिची हनुवटी वर आली, दोन बोटं ब्रेकच्या दांडीवर गेली. पुढं सरोजनं पाणी पाहिलं आणि वेग कमी करून ती बाहेरच्या बाजूला सरकली. आतली जागा मोकळी झाली, बरोबर पाण्यावरून. गौतमीनं दांडीवरची बोटं उचलली. तिनं हात वर केला नाही. उत्तर दिलं नाही. मान ना डावीकडे वळली ना उजवीकडे. सायकल झुकवली आणि ती सरळ त्या पाण्यात घुसली. मागचं चाक घसरलं. वीतभर घसरलं असेल. मग चाकानं जमीन धरली, गौतमी उठून उभी राहिली आणि पेडल मारत टेम्पोच्या पलीकडे दिसेनाशी झाली.

लाउडस्पीकरवरचा माणूस काहीतरी बोलत होता, पण गर्दीच्या आरड्यात एक अक्षर कळेना. मग तोही गप्प झाला. पडली, उत्तमराव मनाशी म्हणाले, पुढं जाऊन पडली. माझ्या ओरडण्यानं तिचं चित्त उडालं आणि ती पडली. ते टेम्पोच्या चाकाला टेकून खाली बसले. मिनिटभरानं आवाज परत आला. फोटो बघून निकाल देत होते. गौतमी तायडे, रेल्वे. अर्ध्या चाकानं.

सुखदेवनं त्यांना मिठीच मारली. “उस्ताद! चलो, चलो वहाँ!” पण उत्तमराव हलले नाहीत. पोरगी जिंकली होती, देशातून एकटी जाणार होती. येणार नाही म्हणालो आणि आलो, ओरडणार नाही म्हणालो आणि ओरडलो. आणि ती? तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आनंद होत होता, नाही असं नाही, पण अपमानही तेवढाच होत होता. त्यांनी सुखदेवला एकट्याला पुढं पाठवलं आणि स्वतः मागच्या गल्लीत, वाळत घातलेल्या कापडांच्या कडेला, एका बंद घराच्या ओट्यावर जाऊन बसले. बस मिळाली की गुपचूप घरी जायचं, असा विचार होता.

अर्ध्या तासानं गल्लीत टक टक आवाज आला. सायकलवाल्यांच्या बुटांना खाली खटका असतो, त्याचा. गौतमी सायकल हातात धरून येत होती. पिंढऱ्यांवर रंगाच्या चिखलाचे शिंतोडे, तोंडावर मीठ वाळलेलं. सुखदेवनं पत्ता सांगितला असणार, दुसरं कोण! तिनं सायकल भिंतीला लावली आणि येऊन शेजारी बसली.

“गुडघा कसा हाय?” तिनं विचारलं.

उत्तमरावांनी मान खाली घातली. “म्या आवाज दिला व. देनार नव्हतो. निंघून गेला तोंडातून.”

“ऐकला मी.”

“मंग ब्रेक काऊन नाही मारला? पडली असती तर?”

“पडले असते.”

मैदानात एक बाई कापडं उलटी करत होती. उत्तमरावांनी दोनदा घसा साफ केला. जे सांगायचं ते इतक्या वर्षांत कधी सांगावं लागलं नव्हतं, आणि कसं सांगायचं तेही माहीत नव्हतं.

“गौतमी, आईक. शेवटाले तू डावीकडं पाह्यतं ना, ते. म्या वहीत लिवलं दम संपते म्हनून. खोटं हाय ते. ते खोट तुही नाही, माही हाय. म्याच घातली तुह्यात, लहानपनापासून. मॅडमनं दाखोली तवा कळलं मले.”

“मले माहीत हाय, बाबा.”

“मॅडमनं सांगतलं?”

“मॅडमनी आत्ता सांगितलं. मले तीन वर्षांपासून माहीत हाय.”

उत्तमरावांनी तिच्याकडे बघितलं. थट्टा करते की काय, असं त्यांना वाटलं. ती थट्टा करत नव्हती.

“तीन वर्षं? अन बोलली नाही? अवं, सांगाचं ना! मी आलोच नसतो!”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

ती बुटाचा बंद सोडायला वाकली, आणि वाकूनच बोलत राहिली. हिंदीच्या गावात वाढल्यामुळं तिचं मराठी अडखळायचं, आणि अवघड काही बोलायचं असलं की जास्तच.

“आई गेली तेव्हा... मतलब, तुम्ही जेवतच नव्हते, बाबा. शेजारच्या काकू डबा ठेवून जायच्या, तो तसाच राहायचा. मी काही बोललं तर हो म्हणायचे आणि बसूनच राहायचे, त्या खुर्चीत. मले भीती वाटायची. मी ऑफिसला गेले आणि परत आले तर तुम्ही असाल की नाही. मग माही रेस आली. तुम्ही एकदम उठले, स्कूटर काढली, रस्ता पाहून आले, कागद लिहिला. आणि त्या दिवशी तुम्ही दोन भाकरी खाल्ल्या. मी मोजल्या. तेव्हा मी म्हटलं, ठीक आहे. मी डावीकडे पाहते तर पाहते. रेस काय, मतलब, दुसरी येते.”

उत्तमराव ऐकत होते. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडले. प्रभाताई गेली तेव्हाही असे रडले नव्हते. मैदानातली बाई कापड हातात धरून बघायला लागली, तरी त्यांना पर्वा नव्हती. गौतमीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“मंग आज?” त्यांनी विचारलं. “आज काऊन नाही ऐकलं माहं?”

“आज शेवटचा चान्स होता,” गौतमी म्हणाली. “सॉरी, बाबा.”

“सॉरी कायले व!” ते जवळजवळ ओरडलेच. मग त्यांनी गमछानं तोंड पुसलं, नाक पुसलं, आणि तिचा हात दोन्ही हातांत धरला.

“मी जेवत जाईन,” उत्तमराव म्हणाले. “रोज जेवीन. तू जाय.”